कधी चार दिवसांत कायदा, कधी पंधरा महिने: राज्यसभेचं वेळापत्रक नेमकं चालतं कसं?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे, क्रिकेटच्या फँटसी ॲपवर टीम लावायचा, फार नाही पण दर मॅचला पन्नास-शंभर रुपये असायचेच. एके संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, ॲपवर पैसे लावायचं बंद झालंय, कायदा आला म्हणतायत. परवापर्यंत तर कुणी काही बोलत नव्हतं, असा एका रात्रीत कायदा होतो का?"

मी त्याला तारखा सांगितल्या. १९ ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, २० ला लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. चार दिवस. त्यात २१ तारीख म्हणजे पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस, विरोधकांची घोषणाबाजी चालू होती आणि त्या गोंधळातच चर्चेविना आवाजी मतदानाने विधेयक झालं. यावर तो म्हणाला, "मग जीएसटीला एवढा वेळ का लागला होता?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सभागृह तेच, नियमही जवळपास तेच, तरी एक विधेयक दिवसात पार होतं आणि दुसरं पंधरा महिने राहतं, कारण राज्यसभेत खरा खेळ वेळेचा आहे. कुठला विषय यादीत लागतो, कधी लागतो आणि त्याला किती तास मिळतात, हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मं काम. बहुमताचे आकडे सगळे बघतात, घड्याळाकडे फार कमी लोक बघतात.

आधी पाया पक्का करू

संसदेची दोन सभागृहं. लोकसभेत ५४३ जागा, तिथले खासदार आपण थेट मत देऊन निवडतो. राज्यसभा हे वरिष्ठ सभागृह, तिथे २४५ जागा. त्यातले २३३ राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून येतात, त्यांना तिथले आमदार निवडतात, आणि १२ जणांना राष्ट्रपती नेमतात (लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर हे असेच नेमलेले सदस्य होते). महाराष्ट्राच्या १९ जागा, गोव्याची एक. जून २०२२ मध्ये आपल्याकडे सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले आणि रात्रभर टीव्हीवर आमदारांच्या मतांची बेरीज-वजाबाकी चालली होती ते आठवत असेल, ती हीच निवडणूक.

एका सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. लोकसभा एका झटक्यात बरखास्त होऊन नवी येते, राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही, ती हळूहळू बदलत राहते. त्यामुळे असं होऊ शकतं की लोकसभेत सरकारला घसघशीत बहुमत आहे आणि राज्यसभेत नाही, कारण राज्यसभेत अजून चार-पाच वर्षांपूर्वीच्या राजकारणाचं चित्र बसलेलं असतं.

राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. ते खासदार नसतात. सध्या सी. पी. राधाकृष्णन आहेत, त्याआधी ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. उपसभापती मात्र सदस्यांमधूनच निवडतात, प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती व्हायच्या खूप आधी राज्यसभेच्या उपसभापती होत्या.

यादी कोण करतं?

सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यासमोर आणा. सभेच्या आधी सेक्रेटरी नोटीस बोर्डवर विषयपत्रिका लावतो, विषय एक, मागच्या सभेचं इतिवृत्त, विषय दोन, जमाखर्च, विषय तीन, लिफ्टचं काम. आणि शेवटी एक ओळ हमखास असते, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". ज्यांनी सोसायटीत दिवस काढलेत त्यांना माहीत असतं की मोठा विषय कधी कधी याच ओळीतून येतो, आणि लिफ्टचा विषय रात्री साडेदहाला आला तर निम्मे लोक घरी गेलेले असतात.

राज्यसभेचंही असंच आहे. रोजची एक कार्यसूची निघते. त्यात सरकारची विधेयकं कुठल्या क्रमाने घ्यायची हे सरकारच ठरवतं, म्हणजे संसदीय कार्यमंत्री आणि सभागृह नेते, आणि ते सभापतींच्या सचिवालयाला कळवतात. मग वेळ वाटण्यासाठी कामकाज सल्लागार समिती असते, सभापती आणि उपसभापती धरून ११ जणांची, त्यात मोठ्या पक्षांचे लोक. अमुक विधेयकाला तीन तास, तमुक विधेयकाला चार तास, असं ही समिती ठरवते आणि मिळालेला वेळ पक्षांच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो.

याचं गणित करून बघा. चार तास म्हणजे २४० मिनिटं, आणि सभागृहात साधारण तेवढेच सदस्य. म्हणजे डोई एक मिनिट! दहा जणांच्या पक्षाला दहा मिनिटं, त्यात दोन वक्ते उभे केले तर पाच-पाच मिनिटं. दीडशे कलमांचं विधेयक असेल आणि तुमच्याकडे पाच मिनिटं असतील तर तुम्ही काय बोलणार? म्हणून टीव्हीवर छोट्या पक्षाचा खासदार बोलायला लागतो न लागतो तोच बेल वाजते आणि "कृपया समाप्त कीजिए" ऐकू येतं, त्याची सभापतींशी काही दुश्मनी नसते, त्याच्या वाट्याची मिनिटं संपलेली असतात.

दिवसाचा हिशेबही बघा. राज्यसभा सकाळी ११ ला भरते. आधी कागदपत्रं पटलावर ठेवतात, मग शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडायचे. १२ ते १ प्रश्नोत्तराचा तास (लोकसभेत तो ११ लाच असतो, राज्यसभेतही आधी ११ लाच होता, पण सकाळच्या गोंधळात रोज वाया जायचा म्हणून २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून १२ ला नेला). मग जेवणाची सुट्टी, आणि दोन ते सहा विधेयकं. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर रोजचे चार तास. शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासदारांच्या अशासकीय विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी राखलेले, म्हणजे जे मंत्री नाहीत त्यांनी आणलेल्या कामासाठी. (अशासकीय विधेयकाचा शेवटचा कायदा झाला १९७० साली. त्यानंतर एकाही खासदाराचं स्वतःचं विधेयक कायदा होऊ शकलेलं नाही, हे मला फार खटकतं.) या चार तासांतले दोन तास जरी तहकुबीत गेले तर नुकसान कुणाचं होतं? सरकार घाईत का होईना विधेयक करून घेतं, जातात ते प्रश्न विचारायचे तास.

विरोधक रोज नियम २६७ खाली नोटीस देतात आणि ती फेटाळली जाते हेही बातम्यांत असतं. तो नियम म्हणजे "आजची यादी बाजूला ठेवा आणि आधी हा विषय घ्या" अशी मागणी. परवानगी द्यायची की नाही हे सभापतींच्या हातात.

ऐनवेळचा विषय

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. सकाळी कार्यसूचीला पुरवणी यादी जोडली गेली आणि गृहमंत्र्यांनी कलम ३७० चा ठराव आणि जम्मू-काश्मीर पुनर्रचनेचं विधेयक राज्यसभेत आणलं. लोकसभेत नाही, आधी राज्यसभेत. एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश करणारं विधेयक त्याच दिवशी मांडलं गेलं, त्याच दिवशी चर्चा झाली आणि संध्याकाळी १२५ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर झालं.

नियम असा आहे की विधेयकाच्या प्रती सदस्यांना दोन दिवस आधी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर कुणीही सदस्य हरकत घेऊ शकतो. पण त्याच नियमात सभापतींना सूट देण्याचा अधिकार आहे, आणि तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी तातडीचं कारण देऊन तो वापरला. म्हणजे नियम मोडला नाही, नियमातली खिडकी उघडली. तुम्ही त्या निर्णयाच्या बाजूने असा किंवा विरोधात, हे बारकाईने समजून घ्यायला हवं, कारण उद्या दुसरं सरकार असेल, दुसरा विषय असेल आणि खिडकी हीच असेल.

विधेयक आलं की आत काय काय होतं

समजा विधेयक लोकसभेत मंजूर झालं. मग राज्यसभेचे महासचिव उभे राहतात आणि लोकसभेकडून आलेला संदेश वाचून दाखवतात, विधेयकाची प्रत पटलावर ठेवतात. पटल म्हणजे सभापतींच्या समोरचं ते मोठं टेबल. नंतर मंत्री नोटीस देतात की हे विधेयक विचारात घ्या, आणि इथेही साधारण दोन दिवसांचं अंतर अपेक्षित असतं, "सभापतींनी वेगळं सांगितलं नसेल तर". हे शेवटचे शब्द नियमांच्या पुस्तकात जागोजागी भेटतात आणि घाईची सगळी विधेयकं त्यांच्यातूनच वाट काढतात.

याच टप्प्यावर कुणीही सदस्य म्हणू शकतो की थांबा, हे प्रवर समितीकडे पाठवा. प्रवर समिती म्हणजे एकाच विधेयकासाठी बसवलेली खासदारांची छोटी समिती, ती तज्ज्ञांना बोलावते, लोकांची निवेदनं घेते, कलमं एकेक करून तपासते. याशिवाय कायमच्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मला विचाराल तर संसदेतलं सगळ्यात चांगलं काम तिथे होतं, कारण तिथे कॅमेरा नसतो आणि पक्षांची माणसं एकमेकांचं ऐकून घेतात. पण विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे अशी सक्ती कुठेही नाही.

समितीचा मुद्दा मिटला की सर्वसाधारण चर्चा, मंत्र्यांचं उत्तर, आणि मग कलमवार मतदान. हे संसद टीव्हीवर एकदा जरूर बघा. पीठासीन अधिकारी, म्हणजे त्या वेळी सभापतींच्या खुर्चीवर जे असतील ते, एका लयीत म्हणत जातात, खंड (म्हणजे कलमं) २ ते १४ विधेयकाचा भाग राहतील, बाजूचे हो म्हणा, विरोधातले नाही म्हणा, झालं, पुढचे खंड. दुरुस्ती सुचवली असेल तर त्या खंडाजवळ थांबायचं, सुचवणाऱ्याला विचारायचं, मांडताय का, तो हो म्हणाला तर ती आधी मताला टाकायची. आणि सगळ्यात शेवटी काय येतं माहितीये? खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असं सांगणारं सुरुवातीचं वाक्य) आणि नाव. म्हणजे कायद्याचं नाव शेवटी मंजूर होतं, कारण आतलं सगळं ठरल्यावरच नाव बरोबर आहे की नाही ते कळणार. मला ही पद्धत फार आवडते. पण तीस-चाळीस खंडांचं मतदान कधी कधी पाच मिनिटांत उरकतं, तेव्हा त्या लयीचा उपयोग काय असं वाटून जीव तुटतो.

आवाजी मतदान म्हणजे फसवणूक आहे का?

नाही, ती रीतसर पद्धत आहे आणि बरीचशी कामं तशीच होतात. पीठासीन अधिकारी आवाज ऐकून निकाल सांगतात, आणि तो मान्य नसेल तर मतविभागणी मागता येते. मग बेल वाजते, बाहेर असलेले सदस्य धावत आत येतात, दारं बंद होतात आणि बाकावरच्या यंत्रावर बटण दाबून कुणी काय मत दिलं याची नावानिशी नोंद होते. हाच खरा फरक. आवाजी मतदानात तुमच्या राज्याच्या खासदाराने काय केलं हे तुम्हाला कधीच कळत नाही, मतविभागणीत कळतं.

२० सप्टेंबर २०२० ला कृषी विधेयकांच्या वेळी याच मुद्द्यावर स्फोट झाला. रविवार होता, कोविडमुळे राज्यसभा सकाळी ९ ते १ एवढीच भरत होती. एक वाजत आला, मंत्र्यांचं उत्तर चालू होतं. विरोधकांचं म्हणणं, उरलेलं उद्या घ्या. सरकारचं म्हणणं, आजच पूर्ण करू. उपसभापतींनी वेळ वाढवली. मग गोंधळ, सदस्य वेलमध्ये (सभापतींच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत), नियमांचं पुस्तक भिरकावलं गेलं, माइक ओढले. विरोधक म्हणत होते आम्ही मतविभागणी मागतोय, पीठाचं म्हणणं होतं की सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, सभागृह शांत नाही, अशात मतविभागणी घेता येत नाही. विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यात आपले राजीव सातवही होते.

सदस्यांनी जे केलं ते मला अजिबात पटलेलं नाही. पण वाढवलेल्या त्या तासाऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोजून मतदान घेतलं असतं तर? विधेयकं कदाचित मंजूरच झाली असती, पण मतं मोजली गेली असती आणि "आमचं मत मोजलंच नाही" हा राग रस्त्यावर गेला नसता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेणारं विधेयक आलं. तेही दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात, चर्चेविना.

राज्यसभेने अडवलं तर?

साध्या विधेयकाला दोन्ही सभागृहांचा होकार लागतो. राज्यसभेने फेटाळलं, किंवा अशा दुरुस्त्या केल्या की लोकसभेला मान्य नाहीत, किंवा सहा महिने नुसतं ठेवून दिलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, लोकसभेचे अध्यक्ष पीठावर असतात आणि साध्या बहुमताने निकाल. ५४३ समोर २४५, तेव्हा लोकसभेत ज्याचं भक्कम बहुमत त्याचंच पारडं जड.

मग सरकार दर वेळी हेच का करत नाही? कारण ती कटकट मोठी आहे आणि राजकीय किंमतही मोठी आहे. आजवर फक्त तीनदा झालंय: १९६१ ला हुंडाबंदी विधेयक, १९७८ ला बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, आणि २००२ ला पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं विधेयक. पोटा राज्यसभेने ९८ विरुद्ध ११३ ने फेटाळलं आणि पाचच दिवसांत संयुक्त बैठकीत ते ४२५ विरुद्ध २९६ ने मंजूर झालं.

रोजच्या व्यवहारात राज्यसभेचा जोर वेगळ्या प्रकारे लागतो, आणि इथे भाच्याचा जीएसटीचा प्रश्न येतो. जीएसटीची घटनादुरुस्ती लोकसभेने ६ मे २०१५ ला मंजूर केली. राज्यसभेत सरकारकडे आकडे नव्हते. विधेयक प्रवर समितीकडे गेलं, अहवाल आला, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली, आणि ३ ऑगस्ट २०१६ ला ते राज्यसभेत मंजूर झालं, विरोधात शून्य मतं. पण जसं गेलं तसं बाहेर आलं नाही. एक टक्का जादा कर होता, तो महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्यांसाठी ठेवला होता पण त्याने करावर कर बसणार होता, तो निघाला. आणि राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाई देण्याबद्दल मूळ मजकूर असा होता की संसद तसा कायदा "करू शकेल". त्याचं झालं "करील". एक शब्द! पण १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात बंद झाली, राज्यांनी आपले कर सोडून दिले, तेव्हा भरपाई केंद्राच्या मर्जीवर राहते की बंधनकारक होते हे त्या एका शब्दावर होतं. ८ ऑगस्टला लोकसभेने या दुरुस्त्या परत एकदा मंजूर केल्या, कारण दोन्हीकडे मजकूर शब्दाला शब्द सारखा लागतो.

पंधरा महिने उशीर झाला, मान्य. पण उशिरात काय मिळालं तेही बघायला हवं.

एक तृतीयांश मत

घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाहीच. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, दोन्ही अटी पाळाव्या लागतात. इथे राज्यसभा लोकसभेच्या बरोबरीची आहे.

५ सप्टेंबर १९७०. संस्थानिकांचे तनखे बंद करायची घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आली होती. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, फलटण, सावंतवाडी, केवढी तरी संस्थानं होती, त्यामुळे हा विषय घरोघरी होता. मतदान झालं, बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४. दोन तृतीयांश काढा, १४९.३३ येतात. म्हणजे मताच्या एक तृतीयांशाने इंदिरा गांधींच्या सरकारचं विधेयक पडलं. त्यानंतर सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, आणि शेवटी १९७१ मध्ये निवडणुकीनंतर नव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. एक सदस्य जास्त हजर असता तर ही सगळी साखळी वेगळी घडली असती.

१३ ऑक्टोबर १९८९ ला पंचायत राज आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्याही राज्यसभेत अशाच थोडक्यात पडल्या. पुढे १९९२ मध्ये त्या ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती म्हणून परत आल्या. आज तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो तो त्यामुळे.

पैशाचा विषय निघाला की

इथे मात्र राज्यसभेचे हात बांधलेले आहेत. फक्त कर, सरकारी कर्ज, तिजोरीतला खर्च अशाच गोष्टींचं विधेयक असेल तर त्याला धन विधेयक म्हणतात. ते लोकसभेतच मांडायचं, राज्यसभेने १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत पाठवायचं, शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवणार, आणि १४ दिवसांत परत आलं नाही तर ते मंजूरच धरलं जातं. घरातल्या लग्नात मामा-काकांना विचारतात की हॉल कुठला घ्यायचा, ते सांगतात, आणि मग पैसे देणारे वडील त्यांना हवा तोच हॉल घेतात, तसं.

कुठलं विधेयक धन विधेयक आहे हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि वाद तिथेच आहे. २०१६ चं आधार विधेयक धन विधेयक म्हणून आलं. राज्यसभेने १६ मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी पाचही नाकारल्या. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने ते धन विधेयक म्हणून चालवून घेतलं, तो एक विरोधी निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा होता आणि त्यांनी याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. पुढच्याच वर्षी कोर्टाने हा प्रश्न मोठ्या घटनापीठाकडे सोपवला. मला चंद्रचूडांचं म्हणणं पटतं, कारण "धन" हा शिक्का सहज मारता आला तर वर लिहिलेली प्रवर समिती, दुरुस्त्या, दोन सभागृहांचा होकार, सगळं एका शिक्क्यात बाजूला पडतं.

लोकांनी न निवडलेल्यांनी लोकांनी निवडलेल्यांना का अडवायचं?

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. निवडणूक हरलेल्या माणसाला पक्ष राज्यसभेवर पाठवतो, हे दिसतंच. पण राज्यसभेचे सदस्य ज्यांच्या मतावर येतात ते आमदार तुम्ही-आम्हीच निवडलेले असतात, फक्त वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या प्रश्नांवर. लोकसभेला मत देताना माणूस एका वातावरणात असतो, विधानसभेला दुसऱ्या. दोन्ही वातावरणांत टिकेल असा कायदा असावा, एवढीच ती कल्पना.

कुणी म्हणेल की विधेयकं राज्यसभेत अडकून कुजतात. महिला आरक्षणाचंच उदाहरण घ्या. २००८ मध्ये ते मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं, कारण राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच असलेलं विधेयक लोकसभा बरखास्त झाली तरी मरत नाही. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने ते १८६ विरुद्ध १ ने मंजूर केलं. मग ते लोकसभेत गेलं, तिथे मताला आलंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. अडवलं कुणी? लोकसभेच्या कार्यसूचीने. २०२३ मध्ये नवं विधेयक आलं तेव्हा २० सप्टेंबरला लोकसभा आणि २१ ला राज्यसभा, २१४ विरुद्ध शून्य. तेरा वर्षांचा विषय दोन दिवसांत झाला, कारण यादीत लावायची इच्छा होती.

आपली विधान परिषद म्हणजे हेच का?

नाव वरिष्ठ सभागृहाचंच, पण ताकद बरीच कमी. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. विधानसभेने पाठवलेलं विधेयक परिषद तीन महिने थांबवू शकते, विधानसभेने ते परत मंजूर करून पाठवलं की आणखी एक महिना, मग परिषदेला पटो न पटो ते मंजूर धरलं जातं. संयुक्त बैठक वगैरे नाही. आणि विधान परिषद राज्याने ठरवलं तर संसदेच्या कायद्याने बंदही करता येते, पश्चिम बंगालने १९६९ मध्ये केली. राज्यसभेचं तसं नाही, ती संसदेचाच भाग आहे.

यादी कुठे बघायची

अधिवेशन चालू असलं की आदल्या दिवशी कार्यसूची राज्यसभेच्या वेबसाइटवर येते, हिंदीत आणि इंग्रजीत. मी ती उघडतो तेव्हा आधी खाली जातो, "विधायी कामकाज" जिथे लिहिलेलं असतं तिथे. एकाच दिवशी किती विधेयकं लावलीत ते मोजतो, चार तासांत तीन मोठी विधेयकं दिसली की समजायचं काय होणार आहे. मग कुठल्या विधेयकासमोर "मांडण्यासाठी" आणि "विचार व मंजुरीसाठी" दोन्ही एकाच दिवशी आहे का ते बघतो. आणि सकाळी अकराच्या आधी परत एकदा पान उघडतो, पुरवणी यादी आली आहे का बघायला.

भाच्यालाही लिंक पाठवली. परवा त्याचाच मेसेज आला, "मामा, हे समितीकडे गेलं होतं का कसं बघायचं?" मी म्हटलं, विधेयकाच्या नावावर क्लिक कर, तारखांचा तक्ता येतो, त्यात समितीचा रकाना रिकामा असेल तर गेलं नव्हतं.